सौर वादळं आणि ध्रुवीय प्रकाश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१० मे २०२४ च्या रात्री फ्लोरिडा, मेक्सिको, लडाखमधलं हानले अशा, एरवी ध्रुवीय प्रकाशाचं नावही निघत नाही त्या ठिकाणी आकाश गुलाबी-लाल झालं. त्याच दोन-तीन दिवसांत अमेरिकेत मक्याच्या पेरणीच्या ऐन हंगामात अनेक शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर शेतात उभे राहिले. ओळ सरळ धरण्यासाठी ते ज्या जीपीएसवर अवलंबून होते, त्याचा संकेतच भरकटला होता. वर्तमानपत्रांत या दोन बातम्या वेगवेगळ्या पानांवर आल्या. खरं तर ती एकच बातमी होती. आकाशातला रंग आणि जमिनीवरचा बिघाड ही एकाच घटनेची दोन टोकं असतात, आणि हे एकदा नीट कळलं की पुढचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटत जातात.

सौर वादळ म्हणजे नेमकं काय?

सूर्यावर मोठा स्फोट होतो आणि त्याची झळ पृथ्वीपर्यंत पोहोचते, त्या सगळ्याला आपण ढोबळपणे सौर वादळ म्हणतो. पण या शब्दाच्या पोटात तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या आपल्याकडे तीन वेगळ्या वेळी येऊन थडकतात.

सगळ्यात आधी येतो तो प्रकाश. स्फोटाच्या जागेवरून क्ष-किरण आणि अतिनील किरणांचा लोट निघतो, त्याला सौरज्वाला म्हणतात. १५ कोटी किलोमीटरचं अंतर तो ८ मिनिटं आणि सुमारे २० सेकंदांत कापतो. म्हणजे ज्वाला दिसली याचा अर्थ ती पोहोचलीच. तिची पूर्वसूचना मिळणं शक्यच नाही.

त्यामागून येतात अतिवेगवान कण, मुख्यतः प्रोटॉन. काही वेळा ते अर्ध्या तासाच्या आत पृथ्वीजवळ हजर होतात.

सगळ्यात शेवटी येतो तो खरा वादळाचा ढग. सूर्याच्या बाहेरच्या वातावरणाचा, म्हणजे प्रभामंडळाचा, अब्जावधी टनांचा एक तुकडाच सुटून अवकाशात फेकला जातो. त्याला कोरोनल मास इजेक्शन, थोडक्यात सीएमई म्हणतात. हा विद्युतभारित वायूचा, म्हणजे प्लाझ्माचा ढग असतो आणि तो सूर्याचं चुंबकीय क्षेत्र स्वतःसोबत ओढत आणतो. सेकंदाला अडीचशे किलोमीटरपासून तीन हजार किलोमीटरपर्यंत त्याचा वेग असू शकतो. बहुतेक ढगांना पृथ्वी गाठायला दोन-तीन दिवस लागतात. फारच वेगवान असेल तर सतरा-अठरा तासही पुरतात. ध्रुवीय प्रकाश, वीजजाळ्यांचे बिघाड, उपग्रहांची घसरण यांतलं बरंचसं या तिसऱ्या पाहुण्याचं काम.

म्हणजे सौरज्वाला आणि सीएमई एकच नाहीत?

नाहीत. मोठ्या ज्वालेसोबत सीएमई अनेकदा येतो, पण ज्वाला होऊन ढग न सुटणं किंवा फारशी ज्वाला न होता ढग सुटणं, दोन्ही घडतं. बातमीत "एक्स वर्गाची ज्वाला" असं वाचलं की लोक लगेच आकाश पाहायला गच्चीवर जातात. ए, बी, सी, एम आणि एक्स हे ज्वालेच्या क्ष-किरणांच्या तीव्रतेचे वर्ग आहेत. प्रत्येक पुढचा वर्ग आधीच्याच्या दसपट. ध्रुवीय प्रकाशाची आशा धरायची असेल, तर त्यापुढचं वाक्य वाचायला हवं: ढग सुटला का, आणि तो आपल्या दिशेनं आहे का.

सूर्यावर असे स्फोट का होतात?

सूर्य घन गोळा नाही, त्यामुळे तो सगळीकडे सारख्या वेगानं फिरत नाही. विषुववृत्ताजवळचा भाग सुमारे २५ दिवसांत एक फेरी पूर्ण करतो, ध्रुवांकडच्या भागाला पस्तीसच्या आसपास दिवस लागतात. सूर्याचं चुंबकीय क्षेत्र या वायूशी जखडलेलं असतं, त्यामुळे या असमान फिरण्यानं त्याला पीळ पडत जातो. दोरीला पीळ देत राहिलं की ती जागोजागी वेटोळं घेऊन वर उसळते, तसे चुंबकीय क्षेत्राचे फास पृष्ठभागातून वर येतात. जिथे ते बाहेर पडतात तिथे आतून येणारी उष्णता अडते, तो भाग भोवतालपेक्षा दीड-दोन हजार अंशांनी थंड राहतो आणि काळा दिसतो. तोच सौर डाग.

डाग पाहायला फार काही लागत नाही. लहान दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडायची. (दुर्बिणीला डोळा लावून सूर्याकडे कधीही पाहू नका, दृष्टी कायमची जाते.) पुठ्ठ्यावरचा सूर्य वीतभर पाडला, तर मोहरीच्या दाण्याएवढा डाग म्हणजे साधारण आपली पृथ्वी. डागाचा गाभा काळा आणि भोवती करडी झालर दिसते. प्रतिमेच्या मध्यावरच्या डागाला पेन्सिलीनं खूण केली आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाहिलं, तर तो बोटाच्या पेराएवढा सरकलेला असतो. सूर्य फिरतो हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि स्वतःच्या पेन्सिलीच्या खुणेवरून कळणं वेगळं. मे २०२४ मधलं वादळ ज्या डागसमूहातून आलं, तो पृथ्वीच्या व्यासाच्या सुमारे पंधरा पट पसरलेला होता. ग्रहणाचा चष्मा लावून तो नुसत्या डोळ्यांनाही दिसत होता.

अशा डागांच्या वरच्या भागात परस्परविरुद्ध दिशेच्या चुंबकीय रेषा एकमेकींजवळ ढकलल्या जातात, तुटतात आणि नव्यानं जोडल्या जातात. पिळात साठलेली ऊर्जा काही मिनिटांत मोकळी होते.

पृथ्वीला चुंबकीय कवच आहे, तर वादळ आत शिरतं कसं?

मला विचाराल तर या संपूर्ण विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट इथे आहे.

पृथ्वीभोवती तिच्या चुंबकीय क्षेत्राचं आवरण आहे, त्याला चुंबकावरण म्हणतात. सूर्याकडच्या बाजूला सौरवाताच्या, म्हणजे सूर्यातून सतत वाहणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोताच्या दाबानं ते दबलेलं असतं, पृथ्वीच्या त्रिज्येच्या साधारण दहापट अंतरावर त्याची सीमा असते. मागच्या बाजूला मात्र ते धूमकेतूच्या शेपटीसारखं लांबच लांब ताणलेलं असतं. एरवी सौरवात त्याला वळसा घालून निघून जातो.

आता सीएमई येतो. तो स्वतःचं चुंबकीय क्षेत्र घेऊन आलेला असतो. त्याची दिशा उत्तरेकडे असेल, तर ढग कितीही मोठा असला तरी बऱ्यापैकी वाया जातो. पण ती दक्षिणेकडे असेल, म्हणजे चुंबकावरणाच्या तिथल्या सीमेवर पृथ्वीच्या क्षेत्राच्या बरोबर उलट, तर दोघांच्या रेषा तुटून एकमेकींना जोडल्या जातात. कवचाला दार उघडतं. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स डंजी यांनी १९६१ मध्ये ही कल्पना मांडली.

जोडल्या गेलेल्या रेषा सौरवातासोबत मागे ओढल्या जातात आणि शेपटीत ढीग होत जातो. शेपटी ताणत जाते, ऊर्जा साठत जाते, आणि शेवटी तिथेही रेषा तुटून पुन्हा जोडल्या जातात. तेव्हा पृथ्वीच्या बाजूचा भाग झटक्यानं मागे, म्हणजे आपल्या दिशेनं, येतो. त्या झटक्यातून इलेक्ट्रॉन रात्रीच्या बाजूनं ध्रुवीय प्रदेशांकडे लोटले जातात.

पण सूर्याचे कण थेट ध्रुवांवर पडतात आणि प्रकाश दिसतो, असंच शिकलो होतो की!

बहुतेकांनी तसंच शिकलं आहे, आणि चित्रंही तशीच काढलेली असतात. थेट येणारे थोडे कण असतात, पण ज्या नाचणाऱ्या पडद्यांसाठी लोक इतका प्रवास करतात, ते शेपटीत साठलेल्या ऊर्जेतून उजळतात. म्हणून तर ते प्रामुख्यानं रात्रीच्या बाजूला, मध्यरात्रीच्या आसपास रंगात येतात. खाली येताना पृथ्वीपासून काही हजार किलोमीटरवर या इलेक्ट्रॉनांना आणखी वेग मिळतो. चुंबकीय रेषांवरून धावणाऱ्या लहरी इलेक्ट्रॉनांना जणू आपल्यावर स्वार करून घेतात आणि पुढे रेटतात, हे २०२१ मध्ये प्रयोगशाळेतल्या लांबलचक प्लाझ्मा नळीत दाखवून देण्यात आलं.

हा प्रकाश नेमक्या ध्रुवावर नसतो, हेही लक्षात ठेवा. चुंबकीय ध्रुवांभोवती एक लंबवर्तुळाकार पट्टा असतो आणि तो साधारण ६५ ते ७० अंश चुंबकीय अक्षांशांवर (म्हणजे चुंबकीय ध्रुवांच्या हिशेबानं मोजलेल्या अक्षांशांवर) बसतो. नॉर्वेतलं ट्रोम्सो, अलास्कातलं फेअरबँक्स, कॅनडातलं यलोनाइफ, आइसलँड ही सगळी ठिकाणं या पट्ट्याखाली किंवा त्याच्या काठावर येतात. वादळात हा पट्टा रुंद होतो आणि विषुववृत्ताच्या दिशेनं सरकतो. दक्षिण गोलार्धातही असाच पट्टा आहे, पण त्याखाली बहुतांश समुद्र आणि अंटार्क्टिका असल्यानं बघायला माणसंच कमी.

हिरवा, लाल, जांभळा हे रंग कुठून येतात?

इलेक्ट्रॉन हवेच्या अणूला धडकतो, अणू ऊर्जा घेऊन उत्तेजित होतो आणि ती ऊर्जा प्रकाशाच्या रूपात सोडून शांत होतो. कोणता अणू, किती उंचीवर, यावर रंग ठरतो.

हिरवा रंग ऑक्सिजनच्या अणूचा, तरंगलांबी ५५७.७ नॅनोमीटर, उंची साधारण १०० ते २०० किलोमीटर. लालही ऑक्सिजनच्याच अणूचा, ६३० नॅनोमीटरचा, पण तो २०० किलोमीटरच्या वरच दिसतो. एकच अणू, मग मजल्यागणिक रंग का बदलावा? उत्तर वेळेत आहे. हिरवा प्रकाश सोडायला उत्तेजित अणूला साधारण पाऊण सेकंद लागतो. लाल सोडायला जवळजवळ दोन मिनिटं. अणूंच्या जगात दोन मिनिटं म्हणजे युगंच. खाली हवा दाट असते, तिथे दोन मिनिटं उलटण्याआधीच दुसरा कुणीतरी अणू किंवा रेणू येऊन धडकतो, ऊर्जा काढून घेतो आणि लाल प्रकाश बाहेर पडतच नाही. वर हवा इतकी विरळ की अणूला कुणी हात लावत नाही. तो निवांत वाट पाहतो आणि मग लाल उजळतो. शंभर किलोमीटरच्या खाली पाऊण सेकंदाचीही सवड मिळत नाही, म्हणून हिरवा पडदा तळाशी कापल्यासारखा संपतो.

त्या कापलेल्या काठावर कधीकधी गुलाबी किनार लुकलुकते. ती नायट्रोजनची. नायट्रोजन जवळजवळ ताबडतोब प्रकाश सोडतो, त्यामुळे दाट हवेतही त्याला अडचण येत नाही. निळा-जांभळा रंगही आयनित नायट्रोजनचाच.

दूरच्या प्रदेशांतून तो लालच का दिसतो?

पृथ्वी गोल आहे म्हणून. ११० किलोमीटर उंचीवरचा हिरवा पडदा जमिनीवरून जेमतेम १,२०० किलोमीटर अंतरापर्यंत क्षितिजावर दिसू शकतो. त्यापुढे तो पृथ्वीच्या गोलाईआड जातो. ४०० किलोमीटर उंचीवरचा लाल भाग मात्र २,२०० किलोमीटरपर्यंत दिसू शकतो. पडद्याचा खालचा भाग क्षितिजाखाली बुडालेला आणि वरची लाल झालर तेवढी दिसतेय, असा तो प्रकार. जुन्या काळी युरोपात असा लाल उजेड पाहून दूरच्या गावाला आग लागली असं लोकांना वाटायचं.

फोटोत दिसतो तितका तो डोळ्यांना दिसतो का?

नेहमी नाही. अंधुक उजेडात आपल्या डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशी फारसं काम करत नाहीत, त्यामुळे मंद प्रकाश राखाडी ढगासारखा वाटतो. कॅमेरा काही सेकंद उघडा राहून प्रकाश साठवतो. जोरदार वादळात मात्र हिरवा आणि गुलाबी नुसत्या डोळ्यांनाही स्पष्ट दिसतात, आणि पडद्याची हालचाल कुठल्याही फोटोत येत नाही.

१८५९ मध्ये काय घडलं होतं?

१ सप्टेंबर १८५९ ची सकाळ. इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन आपल्या वेधशाळेत नेहमीप्रमाणे काचेवर पाडलेल्या सूर्याच्या प्रतिमेवरून डागांचं चित्र काढत होते. साडेअकराच्या थोडं आधी एका मोठ्या डागसमूहावर अचानक दोन लखलखीत पांढरे ठिपके उजळले. कुठून तरी ऊन आत शिरलंय, असं त्यांना आधी वाटलं. तसं नाही हे कळताच ते साक्षीदार शोधायला धावले. मिनिटभरात परत आले, तोवर प्रकाश मंदावला होता. सगळा खेळ पाचेक मिनिटांचा. रिचर्ड हॉजसन या दुसऱ्या निरीक्षकानंही स्वतंत्रपणे तोच प्रकाश पाहिला होता, म्हणून कॅरिंग्टन यांच्या शब्दावर विश्वास बसला.

साडेसतरा तासांच्या आसपास ढग पृथ्वीवर आदळला. क्युबा आणि हवाईपर्यंत ध्रुवीय प्रकाश दिसला. तारयंत्रांच्या वायरी स्वतःहून विजेनं भरल्या. काही ठिकाणी ठिणग्या उडाल्या, तार पाठवणाऱ्यांना झटके बसले. बॉस्टन आणि पोर्टलंड इथल्या दोन कर्मचाऱ्यांनी तर एकमेकांना विचारून आपापल्या बॅटऱ्या तोडल्या आणि नुसत्या आकाशातून उतरलेल्या प्रवाहावर दोनेक तास संदेशांची देवाणघेवाण केली. बॅटरी जोडलेली असताना चालायचं त्यापेक्षा काम बरं चाललंय, असं पोर्टलंडहून उत्तर आलं होतं. ध्रुवीय प्रकाश आणि तारेतली वीज एकच आहेत, याचा याहून ठोस पुरावा मला तरी माहीत नाही.

या वादळाची ताकद आज आपण आकड्यात सांगू शकतो, त्याचं श्रेय मुंबईच्या कुलाबा वेधशाळेकडे जातं. युरोपातल्या चुंबकमापकांच्या नोंदी मोजपट्टीच्या बाहेर गेल्या होत्या. कुलाब्याला मात्र माणसं उपकरणासमोर बसून आकडे वाचत आणि वहीत उतरवत होती, आणि त्या वहीत पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) कोसळल्याची नोंद राहिली. ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लाखिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये त्या जुन्या आकड्यांचा नव्यानं अभ्यास प्रसिद्ध केला. दिवा लावून, घड्याळ बघून, धीर न सोडता आकडे लिहिणाऱ्या त्या निरीक्षकांबद्दल मला फार आदर वाटतो.

सूर्यावरच्या स्फोटानं पृथ्वीवरची वीज का जाते?

ध्रुवीय प्रकाशाच्या पडद्यांमधून केवळ उजेड वाहत नाही, विद्युतप्रवाह वाहतो. जमिनीपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, वादळाच्या वेळी लाखो अँपिअरचे प्रवाह आडवे धावतात आणि सतत कमी-जास्त होतात. बदलत्या प्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र बदलतं, आणि बदलतं चुंबकीय क्षेत्र खालच्या वाहकात वीज निर्माण करतं. शाळेत शिकलेला फॅरेडेचा नियम इथे शेकडो किलोमीटरच्या मापावर लागू होतो.

ही वीज किलोमीटरमागे जेमतेम काही व्होल्टची. घरातल्या वायरीत तिचं काहीच वाटत नाही. पण शेकडो किलोमीटर लांबीच्या वीजवाहिनीत ती साठत जाते आणि दोन्ही टोकांच्या ट्रान्सफॉर्मरमधून जमिनीत उतरते. ट्रान्सफॉर्मर बनवलेला असतो एसीसाठी, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या प्रवाहासाठी. त्याच्या लोखंडी गाभ्यातलं चुंबकत्व सेकंदाला पन्नास किंवा साठ वेळा इकडून तिकडे झुलतं आणि दोन्ही बाजूंना सारखंच झुलतं. वादळातून आलेला प्रवाह फार सावकाश बदलणारा, जवळजवळ डीसीच, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारा. तो गाभ्याला एका बाजूला ढकलून धरतो. मग प्रत्येक आवर्तनाच्या एका अर्ध्या भागात गाभा चुंबकत्वानं तुडुंब भरतो, त्याला आणखी पेलवत नाही. ट्रान्सफॉर्मर जोरानं गुणगुणू लागतो, तापतो आणि जाळ्यात वेड्यावाकड्या लहरी सोडतो.

१३ मार्च १९८९ च्या पहाटे कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात हेच झालं. उत्तरेकडची जलविद्युत केंद्रं दूर, वाहिन्या लांबलचक, आणि खाली प्राचीन कठीण खडक, ज्यातून वीज नीट वाहत नाही. त्यामुळे प्रवाहानं वाहिन्यांचा रस्ता धरला. वेड्यावाकड्या लहरींमुळे व्होल्टेज सांभाळणारी संरक्षक यंत्रणा एकामागून एक बंद पडली आणि दीड मिनिटात संपूर्ण जाळं कोसळलं. सुमारे ६० लाख लोक नऊ तास अंधारात होते. तिकडे न्यू जर्सीतल्या सेलम अणुवीज केंद्राचा एक मोठा ट्रान्सफॉर्मर खराब झाला. २००३ च्या ऑक्टोबर अखेरच्या वादळात स्वीडनमधल्या माल्मो शहराची वीज तासाभरासाठी गेली.

लांबी हा इथला कळीचा शब्द आहे. तेलवाहू नळ, रेल्वेचे सिग्नल, समुद्राखालच्या केबलला वीज पुरवणाऱ्या तारा, या सगळ्यांना वादळ लागतं ते त्यांच्या लांबीमुळे.

उपग्रहांना काय होतं?

वादळात वरचं वातावरण तापून फुगतं. कमी उंचीवरच्या उपग्रहाला अचानक दाट हवेतून जावं लागतं, घर्षण वाढतं आणि तो खाली घसरतो. १९७९ मध्ये स्कायलॅब हे अमेरिकेचं अंतराळस्थानक अपेक्षेपेक्षा लवकर कोसळलं, त्यामागे सूर्याची वाढलेली सक्रियता हे मोठं कारण होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये इंटरनेट पुरवणारे ४९ स्टारलिंक उपग्रह सोडले गेले आणि त्यांतले चाळीसच्या आसपास कक्षेत स्थिरावण्याआधीच जळून गेले. ते वादळ मोठं नव्हतं, सगळ्यात खालच्या श्रेणीचं होतं. उपग्रह फक्त दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर उंचीवर होते आणि तेवढंच पुरलं.

जीपीएसचं दुखणं वेगळं. त्याचा संकेत आयनांबरातून येतो. तिथली इलेक्ट्रॉनांची दाटी बदलली की संकेताला लागणारा वेळ बदलतो, आणि जीपीएस वेळेवरूनच जागा काढतं. मोबाइलच्या नकाशावर ही चूक जाणवणार नाही, पण ओळ इंचभरही न हलवता पेरणी करणाऱ्या ट्रॅक्टरचं काम तिथेच थांबतं.

विमानप्रवासी आणि अंतराळवीर?

ध्रुवांवरून जाणारी विमानं मोठ्या वादळात दक्षिणेकडच्या मार्गानं वळवतात. ध्रुवांजवळ त्यांचा दूरचा रेडिओ संपर्क तुटू शकतो आणि त्या उंचीवर किरणोत्साराची मात्राही थोडी वाढते. अंतराळवीरांचा प्रश्न गंभीर आहे. ऑगस्ट १९७२ मध्ये प्रोटॉनांचं एक भीषण वादळ आलं. अपोलो १६ एप्रिलमध्ये परतलं होतं आणि अपोलो १७ डिसेंबरमध्ये जाणार होतं. त्या मधल्या काळात चंद्रावर कुणी नव्हतं हे नशीबच. त्याच वादळात व्हिएतनामच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेनं पेरलेले चुंबकीय सुरुंग समुद्रात आपोआप फुटले होते.

माझा मोबाइल जळेल का? तब्येतीला धोका आहे का?

मोबाइल जळणार नाही, त्याच्या आतल्या तारा फार लहान आहेत. जमिनीवरच्या माणसाचं रक्षण वातावरण करतं, शरीराला इजा होत नाही. वादळाच्या दिवशी फोन बंद ठेवा, पाणी झाकून ठेवा असे संदेश फिरतात, त्यांत काही तथ्य नाही. भूकंपाशीही याचा संबंध सिद्ध झालेला नाही.

पूर्वसूचना किती आधी मिळते?

ढग सुटला हे सोहो किंवा भारताचं आदित्य-एल१ यांसारख्या, सूर्यावर नजर ठेवणाऱ्या यानांच्या कॅमेऱ्यांतून लगेच कळतं. तो कधी पोहोचेल याचा अंदाज काही तासांच्या फरकानं देता येतो. पण त्याच्या पोटातलं चुंबकीय क्षेत्र उत्तरेकडे आहे की दक्षिणेकडे, हे दुरून नीट कळत नाही, आणि वर पाहिलं तसं सगळं त्यावरच अवलंबून असतं. ते खात्रीनं समजतं ढग एल१ बिंदूवरच्या यानांना ओलांडून जातो तेव्हा. हा बिंदू पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेनं १५ लाख किलोमीटरवर आहे. आदित्य-एल१ सप्टेंबर २०२३ मध्ये निघालं आणि ६ जानेवारी २०२४ ला तिथल्या कक्षेत पोहोचलं. तिथून पृथ्वीपर्यंत ढगाला पंधरा मिनिटं ते तासभर लागतो. वीजजाळं सांभाळणाऱ्यांच्या हाती पक्की माहिती आल्यावर उरतो तो एवढाच वेळ. या क्षेत्रातलं सगळ्यात निकडीचं संशोधन मला हेच वाटतं: दक्षिणेची दिशा दोन दिवस आधी ओळखणं.

केपी आणि जी या आकड्यांचा अर्थ काय?

केपी म्हणजे दर तीन तासांनी पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किती हललं याचा ० ते ९ असा निर्देशांक. केपी ५ झाला की जी१ श्रेणीचं वादळ, ९ झाला की जी५. मे २०२४ चं वादळ जी५ होतं, २००३ नंतरचं पहिलं.

पाहायला कधी जावं?

सूर्याची सक्रियता साधारण ११ वर्षांच्या चक्रात वर-खाली होते. सध्याचं पंचविसावं चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं आणि २०२४ मध्ये शिखराच्या टप्प्यात आलं. शिखर ओसरल्यावरही पुढची काही वर्षं मोठी वादळं येत राहतात, त्यामुळे संधी गेली असं समजू नका. वर्षभरात मार्च आणि सप्टेंबरच्या आसपासचे आठवडे जास्त चांगले, कारण तेव्हा पृथ्वीच्या अक्षाचा कल असा असतो की सौरवातातलं दक्षिणेकडचं क्षेत्र अधिक परिणामकारक ठरतं. जून-जुलैत जाऊ नका. उत्तरेकडे रात्रच होत नाही. चंद्र नसलेली, ढग नसलेली रात्र, शहराच्या दिव्यांपासून दूरची जागा आणि धीर, एवढं जवळ असू द्या. पडदा अचानक उजळतो आणि वीस मिनिटांत विझतोही.

याहून मोठी वादळं येऊ शकतात का?

आली आहेत. जुलै २०१२ मध्ये कॅरिंग्टनच्या तोडीचा ढग पृथ्वीच्या कक्षेतून गेला, पण पृथ्वी तेव्हा तिथे नव्हती. स्टिरिओ-ए हे यान त्याच्या वाटेत सापडलं आणि त्यानं मोजमाप घेतलं. त्याहून मागे, इसवी सन ७७४-७७५ च्या सुमाराला, झाडांच्या वलयांमधल्या कार्बन-१४ मध्ये, म्हणजे अवकाशातले कण हवेवर आदळून तयार होणाऱ्या किरणोत्सारी कार्बनमध्ये, अचानक उडी दिसते. जपानच्या फुसा मियाके यांनी २०१२ मध्ये ती शोधली. सूर्यावरून आलेल्या कणांचा तो प्रचंड मारा असावा, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात.

इतर ग्रहांवरही ध्रुवीय प्रकाश दिसतो का?

गुरू आणि शनीवर दिसतो. गुरूचा तर सतत पेटलेला असतो, त्याला आयो या उपग्रहाच्या ज्वालामुखींमधून निघालेले कणही खतपाणी घालतात. मंगळाची गोष्ट निराळी. मंगळाला पृथ्वीसारखं सर्वव्यापी चुंबकीय क्षेत्र नाही, त्यामुळे ध्रुवांभोवतीचा पट्टाही नाही. तिथे सौर कण थेट वातावरणात उतरतात आणि प्रकाश पसरतो तो सगळ्या आकाशभर. मार्च २०२४ मध्ये एक ढग मंगळाकडे निघाल्याचं कळल्यावर शास्त्रज्ञांनी पर्सिव्हिअरन्स या बग्गीचे कॅमेरे रात्रीच्या आकाशाकडे वळवून ठेवले. तिला दिसलेला उजेड ५५७.७ नॅनोमीटरचा होता: ऑक्सिजनचा तोच हिरवा.